भिंतीतला तंबोरा : घरगुती संगीत आणि स्वच्छ विजेचा इतिहास

१/
ऑगस्ट १९२५. टोरांटो येथे भरलेल्या ‘कॅनेडियन नॅशनल एक्झिबिशन’मध्ये पंचवीस वर्षांच्या एका तरुणाने आपला रेडिओ संच मांडला. दिसायला तो त्या काळच्या इतर संचांसारखाच होता. वेगळेपण एवढेच, की त्याला बॅटरी नव्हती. घरातल्या विजेच्या जोडणीत वायर खोचली, की गाणे सुरू! तरुणाचे नाव एडवर्ड सॅम्युअल रॉजर्स. घरच्या विजेवर संगीत ऐकण्याचा इतिहास सांगायचा तर या संचापाशी थांबावेच लागते. विजेचे आणि संगीताचे जे भांडण आजही पुरते मिटलेले नाही, त्याची हकिगतही येथूनच सांगता येते. #थ्रेड

२/
त्याआधीचा रेडिओ कसा चाले? व्हॉल्व्हच्या रेडिओला एक नव्हे, तीन प्रकारच्या बॅटऱ्या लागत. व्हॉल्व्हमधली तार तापवण्यासाठी मोटारीत असते तशी शिशाची, बहुधा ६ व्होल्टची बॅटरी. प्लेटसाठी ४५ ते ९० व्होल्टच्या कोरड्या बॅटऱ्यांची चळत. आणि ग्रिडसाठी तिसरी, लहानशी. अमेरिकेत त्यांना ए, बी आणि सी अशी सरळ नावे होती. ए बॅटरी वरचेवर उतरे; मग ती उचलून चार्जिंगच्या दुकानात न्यायची आणि भरून परत आणायची. आत गंधकाम्ल. ते गालिच्यावर सांडले की गालिचा जळालाच म्हणून समजावे. दिवाणखान्यातल्या देखण्या लाकडी संचाच्या पोटाशी असा हा धोकादायक संसार मांडलेला असे.

३/
तरीही या गैरसोयीच्या बॅटरीत एक गुण होता, आणि तो तिच्या जाण्यानंतरच लोकांच्या ध्यानात आला. बॅटरीची वीज स्थिर असते. तिला स्वतःचा आवाज नसतो. गायक थांबला की रेडिओही गप्प बसे.

४/
भिंतीतून येणारी वीज अशी नाही. ती प्रत्यावर्ती असते, म्हणजे सेकंदाला ठरावीक वेळा दिशा बदलत झुलत राहते. आपल्याकडे हे आवर्तन ५० हर्ट्झचे आहे. ती रेडिओसाठी एकदिश केली, की उरलेला हेलकावा दुप्पट वेगाचा, म्हणजे १०० हर्ट्झचा होतो. तो स्पीकरपर्यंत पोहोचला की ‘घूंऽऽ’ असा अखंड नाद ऐकू येतो. तंत्रज्ञ त्याला ‘हम’ म्हणतात.

संगीत शिकणाऱ्या मित्रांसाठी सांगतो : १०० हर्ट्झ हा स्वर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मधोमध कुठेतरी पडतो. म्हणजे कोणत्याही पट्टीशी न जुळणारा आणि खुंटी पिळून लावता न येणारा तंबोरा.

५/
हा तंबोरा रेडिओत दोन दारांनी शिरतो. एक दार प्लेटच्या पुरवठ्याचे. तेथे वीज एकदिश करून गाळता येते. ती कथा पुढे येईल. दुसरे दार अधिक बिकट होते, कारण ते व्हॉल्व्हच्या तापणाऱ्या तारेतच होते. त्या तारेतूनच इलेक्ट्रॉन बाहेर पडत. तिला प्रत्यावर्ती वीज दिली, की तिचा प्रत्येक हेलकावा थेट संगीतात मिसळे. दिव्याला असला हेलकावा चालतो, गाण्याला चालत नाही.

६/
उपाय सुचायला सोपा होता, घडवायला अवघड. तापवणारी तार वेगळी ठेवायची आणि इलेक्ट्रॉन सोडणारा भाग वेगळा. त्याला कॅथोड म्हणतात. मधे विद्युतरोधक. तार कितीही झुलो, तिच्याभोवतीची नळी एकसारखी तापलेली राहते. चुलीतला जाळ कमीजास्त झाला तरी जाड तव्याची धग टिकून राहते, तसेच काहीसे हे आहे.

फ्रेडरिक मॅककलो या अमेरिकी संशोधकाने प्रत्यावर्ती विजेवर चालणारा असा प्रायोगिक व्हॉल्व्ह बनवला होता. रॉजर्सने १९२४ साली त्याचे कॅनडापुरते हक्क विकत घेतले आणि त्यावर काम करून तो बाजारात टिकेल असा केला. हा मुलगा हौशी रेडिओवाला म्हणून आधीच नाव कमावून होता. डिसेंबर १९२१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, ओंटारिओतून त्याने पाठवलेला संदेश अटलांटिकपार स्कॉटलंडमध्ये ऐकला गेला होता.

७/
रॉजर्सची अडचण आणखी एका कारणाने मोठी होती, आणि मला हा तपशील फार आवडतो. त्या वेळी टोरांटोची वीज ५० किंवा ६० नव्हे, २५ हर्ट्झची होती! नायगाऱ्याच्या जलविद्युत केंद्राने १८९५ साली २५ हर्ट्झ हे आवर्तन स्वीकारले, आणि दक्षिण ओंटारिओ पुढे त्याच वाटेने गेला. कारखान्यांतल्या मोठ्या, संथ यंत्रांना ते सोयीचे होते. घरातले दिवे मात्र त्यावर लुकलुकत. आणि हेलकावा जितका संथ, तितका तो गाळून काढणे कठीण. ट्रान्सफॉर्मर मोठा लागतो, फिल्टरही मोठा लागतो. दक्षिण ओंटारिओ ६० हर्ट्झवर आला तो १९४९ ते १९५९ या दशकात. घराघरांतली मोटार असलेली उपकरणे तेव्हा बदलावी किंवा दुरुस्त करावी लागली.

८/
रॉजर्सला आपल्या शोधाचा इतका अभिमान होता, की फेब्रुवारी १९२७ मध्ये सुरू केलेल्या रेडिओ केंद्राच्या नावातच त्याने तो गोवला : ‘सीएफआरबी’. त्यातले ‘आरबी’ म्हणजे ‘रॉजर्स बॅटरीलेस’. रॉजर्स १९३९ साली, अवघ्या अडतिसाव्या वर्षी वारला.

९/
आता सीमेपलीकडे, अमेरिकेत. तेथे लाखो लोकांच्या घरी बॅटरीचे रेडिओ होते आणि नवा संच घेणे सर्वांना परवडणारे नव्हते. त्यांच्यासाठी ‘बॅटरी एलिमिनेटर’ नावाची पेटी आली. जुना रेडिओ तसाच ठेवायचा. बॅटरीच्या जागी ही पेटी जोडायची आणि पेटी भिंतीतल्या विजेला. ही पेटी आज संग्रहालयातही क्वचित दिसते, पण तिने घडवलेली आणि हलवलेली घराणी पाहिली तर थक्क व्हायला होते.

मॅसॅच्युसेट्समध्ये १९२२ साली स्थापन झालेल्या एका लहान कंपनीने प्रत्यावर्ती वीज एकदिश करणारी, वायूने भरलेली नळी बनवली. एलिमिनेटरसाठी तिला प्रचंड मागणी आली. कंपनीने १९२५ मध्ये नाव बदलले : रेथिऑन. होय, तीच, पुढे रडार आणि क्षेपणास्त्रे बनवणारी. तिच्या संस्थापकांपैकी एक व्हॅनेव्हर बुश. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या युद्धविषयक संशोधनाची सूत्रे त्याच्याच हाती होती.

१०/
शिकागोत सप्टेंबर १९२८ मध्ये पॉल आणि जोसेफ गॅल्विन या भावांनी एका बुडालेल्या कंपनीचा एलिमिनेटरचा व्यवसाय लिलावात ७५० डॉलरला उचलला. तोवर विजेवर चालणारे संच बाजारात आले होते आणि एलिमिनेटरचेच दिवस भरत आले होते. गॅल्विन मोटारीतल्या रेडिओकडे वळले. १९३० मध्ये त्यांनी त्या रेडिओला नाव दिले, मोटोरोला.

आणि फिलाडेल्फियाची एक कंपनी तर मुळात बॅटऱ्याच विकत होती. बाजार हलताना पाहून तिने एलिमिनेटर काढले. १९२७ मध्ये विजेवर चालणारे व्हॉल्व्ह सर्रास आल्यावर तेही बुडू लागले, तेव्हा १९२८ मध्ये ती थेट रेडिओच बनवू लागली. काही वर्षांतच ती अमेरिकेतली सर्वांत मोठी रेडिओ कंपनी झाली. ‘फिलको’ हे नाव आजीआजोबांना विचारून पाहा.

११/
योगायोग पाहा. अमेरिकेत आरसीए कंपनीने विजेवर चालणारे व्हॉल्व्ह बाजारात आणले ते १९२७ साली, आणि त्याच वर्षी २३ जुलैला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते मुंबईत ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चे केंद्र सुरू झाले. मुंबईला तेव्हा वीज होती. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ पासून चालू होते. मात्र घाटावरच्या आणि कोकणातल्या बहुसंख्य गावांना वीज मिळायला आणखी काही दशके जायची होती. तेथे रेडिओ आला तो बॅटरीवरच, आधी जड पेट्यांच्या आणि मग ट्रान्झिस्टरबरोबर हातात मावणाऱ्या सेलच्या. शहरातल्या महागड्या संचात घूं होती. गावातल्या सेलवरच्या ट्रान्झिस्टरात ती नव्हती.

१२/
आता गाळण्याची कथा. एकदिश केलेल्या विजेतला हेलकावा घालवण्यासाठी दोन वस्तू लागतात, आणि दोन्ही आपल्या घरांना परिचित आहेत : चोक आणि कंडेन्सर. जुन्या ट्यूबलाइटचा चोक तो हाच, आणि पंख्याचा कंडेन्सर त्याच जातीचा. कंडेन्सर म्हणजे पाण्याची टाकी. नळाला पाणी थांबतथांबत आले तरी टाकीखालची धार एकसारखी राहते. टाकी जितकी मोठी, तितकी धार स्थिर. अडचण अशी, की विसाच्या दशकात मोठी ‘टाकी’ म्हणजे कागद आणि धातूच्या पत्र्याचे अवजड, महाग गाठोडे असे. लहान जागेत मोठी क्षमता सामावणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर स्वस्त झाले, तेव्हाच शांत रेडिओ सामान्य घरात पोहोचला.

काटकसरीचे एक सुंदर उदाहरण : त्या काळच्या अनेक स्पीकरांत कायम चुंबकाऐवजी तारेच्या वेटोळ्याचे विद्युतचुंबक असे. अभियंत्यांनी त्याच वेटोळ्याला चोकचेही काम दिले. तरीही थोडी घूं उरेच. मग स्पीकरमध्ये उलट दिशेने गुंडाळलेले एक छोटे वेटोळे घालून घूंला घूंनेच मारत. काट्याने काटा काढणे, शब्दशः.

१३/
विजेचा संगीतावर परिणाम घूंपुरताच नव्हता. तबकडी फिरवणाऱ्या अनेक रेकॉर्ड प्लेअरांची मोटार विजेच्या आवर्तनाशी बांधलेली असे. आवर्तन बदलले, की गाण्याची पट्टीच बदले.

याचा जाच जपानइतका कोणाला झाला नसेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन कंपनीची ५० हर्ट्झची यंत्रे घेतली, ओसाकाने अमेरिकी कंपनीची ६० हर्ट्झची. फुजी नदीच्या आसपास आजही देशाचे असे दोन भाग पडतात. टोकियोसाठी बनवलेला असा प्लेअर ओसाकात लावला, तर मिनिटाला ३३⅓ फेऱ्या घेणारी तबकडी ४० फेऱ्या घेई आणि गाणे सुमारे तीन अर्धस्वर वर चढे. म्हणून प्लेअरसोबत दोन मापांच्या पुली मिळत. अमेरिकेहून भारतात आणलेल्या अशा प्लेअरचे उलटे होई : तेथे साठावर धावणारी मोटार येथे पन्नासावर रेंगाळे. मात्सुशिता कंपनीने १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० आणला. त्याच्या थेट जोडलेल्या मोटारीचा वेग इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने ठरे. हा पुलीचा व्याप त्या वाटेने संपत गेला.

१४/
एव्हाना घरातली ध्वनियंत्रणा एका पेटीची राहिली नव्हती. प्लेअर वेगळा, अॅम्प्लिफायर वेगळा, टेपरेकॉर्डर वेगळा. आणि येथे घूं तिसऱ्या दाराने आत आली : अर्थिंगच्या.

दोन उपकरणे आपापल्या तीन पिनांच्या प्लगमधून जमिनीशी जोडलेली आहेत आणि ध्वनीच्या केबलनेही एकमेकांशी जोडलेली आहेत, असे समजा. एक बंद कडे तयार होते. आजूबाजूच्या विजेमुळे त्या कड्यात क्षीण प्रवाह फिरू लागतो, आणि तोच ५० हर्ट्झचा तंबोरा स्पीकरमध्ये वाजतो. प्रत्येक उपकरण निर्दोष, तरी जोडणी सदोष.

१५/
यावर एक उपाय लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना सांगत आले आहेत : तिसरी पिन तोडा. आवाज लगेच जातो, हे खरे. पण ती पिन आवाजासाठी बसवलेलीच नाही. आतली जिवंत तार सुटून धातूच्या पेटीला लागली, तर वीज माणसातून न जाता जमिनीत जावी आणि फ्यूज उडावा, एवढ्यासाठी ती आहे.

३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’चा गिटारवादक लेस हार्वी मंचावर मायक्रोफोनला हात लागताच विजेच्या धक्क्याने मरण पावला. अर्थिंग सदोष होते. चार वर्षांनी, मे १९७६ मध्ये, ‘यार्डबर्ड्स’चा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी गिटार वाजवताना तसाच गेला, त्याच्या उपकरणाचेही अर्थिंग नीट नव्हते. वय ३३.

१६/
घूं घालवण्याचे सुरक्षित मार्ग तेव्हाही होते आणि आजही तेच आहेत. सर्व उपकरणे एकाच बोर्डावर घ्या, म्हणजे अर्थिंगचे कडे लहान होते. ध्वनीच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. संगीत पलीकडे जाते, तारेचा थेट संबंध तुटतो. विजेच्या वायरी आणि ध्वनीच्या केबली एकत्र गुंडाळू नका. आणि घरातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात शेवटचे पाणी कधी घातले होते, ते घरच्यांना विचारा. हजारोंच्या किमतीच्या ‘ऑडिओ ग्रेड’ पॉवर केबलीआधी हे एवढे करून पाहावे, असे माझे मत आहे.

१७/
ध्यास मात्र थांबलेला नाही. जपानमधल्या काही श्रीमंत श्रोत्यांनी अलीकडे आपल्या अंगणात खासगी विजेचा खांब रोवून घेतला आहे, स्वतःच्या ट्रान्सफॉर्मरसह. हेतू हा, की शेजाऱ्याचा फ्रिज किंवा एसी सुरू झाल्याचा परिणाम आपल्या संगीतावर होऊ नये. खांब स्वतंत्र असला तरी त्यावर येणारी वीज त्याच जाळ्यातली, तीच ५० किंवा ६० हर्ट्झची. अॅम्प्लिफायरच्या पोटात शिरल्यावर तीही एकदिश होते, कंडेन्सरच्या टाकीत साठते आणि मगच पुढे जाते. काही जण त्याहून पुढे गेले आहेत : त्यांनी भिंतीतली वीज सोडली आणि अॅम्प्लिफायर पुन्हा बॅटरीवर आणला.