निशिगंधा : नाव संस्कृत, फूल मेक्सिकोचं

मंडळी, मुलींना फुलांची नावं ठेवायची आपली रीत जुनी आहे. आजीच्या पिढीत शेवंता, गुलाब, जाई होत्या. पुढे अबोली, निशिगंधा आल्या. आज आपण यातल्या निशिगंधेकडे बघू.

‘निशि’ म्हणजे रात्री आणि ‘गंधा’ म्हणजे गंध असलेली. रात्री दरवळणारी, असा सरळ अर्थ. नाव ऐकलं की वाटतं, हे कालिदासाच्या काळातलं असणार. पण कालिदासाला हे फूल दिसणं शक्यच नव्हतं. आपले शेतकरी ज्याला गुलछडी म्हणतात, ते फूल मूळ मेक्सिकोचं. तिथल्या नाहुआ लोकांच्या भाषेत त्याला ‘ओमिशोचित्ल’ म्हणत. ‘ओमित्ल’ म्हणजे हाड, ‘शोचित्ल’ म्हणजे फूल. हाडासारखं पांढरं फूल. मेक्सिकोत आजही मुलींचं नाव शोचित्ल ठेवतात.

१५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी तो मुलूख जिंकला. त्यानंतर हे कंद समुद्रापार गेले आणि पुढे आपल्याकडे पोचले. स्पॅनिश लोकांनी या फुलाला नाव दिलं ‘नार्दो’. आता गंमत बघा. नार्दो हा मूळचा त्या फुलाचा शब्दच नाही. तो जटामांसीचा, म्हणजे हिमालयातल्या सुगंधी मुळीचा. ग्रीक आणि लॅटिनमधून तो स्पॅनिशमध्ये गेला, आणि त्याचं मूळ संस्कृत ‘नलद’ शब्दात असावं असं मानतात. म्हणजे त्यांनी आपल्या मुळीचं नाव मेक्सिकोच्या फुलाला दिलं, आणि आपण त्याच फुलाला संस्कृत नाव देऊन लेकीला ठेवलं!

तसं पाहिलं तर गुलाब फारसी. ‘गुल’ म्हणजे फूल, ‘आब’ म्हणजे पाणी. नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर आपण वाहतो तो झेंडूही मेक्सिकोचाच. देवीने तो कधी परत पाठवलेला नाही.

हे सांगायचं कारण असं की, बारशाला हल्ली पहिला प्रश्न येतो, “नाव आपलंच आहे ना?” ‘नकुशी’ हे नाव अस्सल मराठी आहे. त्यात एकही परका शब्द नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८० हून अधिक मुलींची नावं समारंभाने बदलावी लागली. तेव्हा नाव कुठून आलं ते जरूर शोधू; पण त्याआधी एवढं विचारू, की ही हाक आयुष्यभर ऐकताना त्या पोरीला काय वाटेल?

आता आपल्या प्रश्नांकडे वळू.