लाल दिव्याखालची फिल्म

ऑर्थोक्रोमॅटिक शीट फिल्मला लाल रंग दिसत नाही, म्हणून ती अपुरी, असे सर्रास मानले जाते. तिची कुळकथा वेगळेच सांगते. सिल्व्हर ब्रोमाइडला मुळात निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच कळतो; त्यामुळे जुन्या छायाचित्रांत आकाश पांढरेफटक येई आणि हिरवी पाने, पिवळी फुले काळवंडत. १८७३मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना इंग्लंडहून आलेल्या काही प्लेटा हिरव्या प्रकाशालाही दाद देताना दिसल्या. त्यांत एक पिवळा रंग मिसळलेला होता. फोगेलनी तो अल्कोहोलने धुऊन काढला आणि प्लेटांची ही शक्ती गेली. याला निव्वळ योगायोग म्हणता येत नाही. धुऊन पाहिले म्हणूनच कारण हाती आले, आणि योग्य रंग मिसळून प्लेटची दृष्टी वाढवता येते हे सिद्ध झाले. १८८४मध्ये योझेफ मारिया एडर यांनी एरिथ्रोसिन वापरले आणि ऑर्थोचा पाया पक्का झाला.

१९०६मध्ये इंग्लंडमध्ये रॅटन अँड वेनराइटच्या पॅनक्रोमॅटिक प्लेटा बाजारात आल्या. लालही टिपला जाऊ लागला, पण डेव्हलप करायला मिट्ट काळोख लागू लागला. ऑर्थो मात्र गडद लाल दिव्याखाली, डोळ्यांदेखत डेव्हलप होते. पॅन फिल्म वापरताना लाल अडवणारा निळसर-हिरवा फिल्टर लावला तरी तेच चित्र मिळेल, असे कोणी म्हणेल. चित्रापुरते ते बरेचसे खरे आहे. पण फिल्टर कॅमेऱ्यापाशीच राहतो, डार्करूममध्ये त्याचा उपयोग नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९०मध्ये मोजमापांनिशी दाखवले की डेव्हलपिंग लांबवल्याने कॉन्ट्रास्ट वाढतो, पण एक्स्पोजरमध्ये जे उमटलेच नाही ते कितीही थांबून येत नाही. मग डोळ्यांनी पाहत डेव्हलप कशाला, थर्मामीटर आणि घड्याळ पुरेसे नाही का? प्रकाश ओळखीचा असेल तर पुरेसे आहे. पण ऑर्थोचा वेग प्रकाशाच्या रंगावर ठरतो: इल्फर्ड ऑर्थो प्लस दिवसाच्या उजेडात ८० आयएसओची, तर लाल अंश जास्त असलेल्या टंगस्टन दिव्यात ४०ची. सायंकाळच्या तांबूस उन्हात तिचा अंदाज हमखास चुकतो. अशा वेळी ट्रेमधली शीट उलटून, उजळ भाग पाठीमागून कितपत काळे दिसतात हे पाहून थांबता येते. हायपोत, म्हणजे फिक्सरमध्ये, निगेटिव्ह फिकी होते, एवढी सूट मात्र धरावी लागते. एकेक शीट स्वतंत्रपणे डेव्हलप करणाऱ्याला हा निर्णय फार मोलाचा आहे. म्हणून दृश्यातला लाल काळपट झालेला चालत असेल, तर ऑर्थो ही तडजोड नसून विचारपूर्वक केलेली निवड ठरते.