अचलपूर वऱ्हाडच्या काठावर नाही

वऱ्हाडविषयी लिहिताना अचलपूर दोन वाक्यांत उरकण्याची रीत पडली आहे. एकेकाळची राजधानी, मग नबाबांचे गाव, आणि आता सातपुड्याच्या पायथ्याशी, राज्याच्या हद्दीवर पडलेला एक तालुका. ही समजूत इतकी मुरली आहे की खुद्द अचलपूर-परतवाड्यातली शिकलीसवरली माणसेही ‘आम्ही कोपऱ्यातले’ असे सहज बोलून जातात. मला ती समजूत मान्य नाही. का मान्य नाही ते सांगतो; निवाडा वाचकांनी करावा.

आधी पूर्वपक्ष, आणि तोही त्याच्या पूर्ण बळानिशी. वऱ्हाड म्हणजे पूर्णेचे खोरे, काळी माती आणि कापूस. त्याच्या उत्तरेला गाविलगडच्या डोंगरांची भिंत आहे. भिंतीपाशी मुलूख संपतो, म्हणून तिथले गाव टोकाचे. या गावात जी मिश्र वस्ती दिसते ती सत्तेने आणून बसवलेली: फौजेबरोबर पठाण आले, दरबारामागून कारागीर आले, सत्ता गेली आणि माणसे राहिली. वर मेळघाटात कोरकू आहेत, पण ते जग निराळे. सपाटीच्या वऱ्हाडाशी त्याचे देणेघेणे नाही. शेवटी आकडे. १९०१ च्या जनगणनेत एलिचपूर (म्हणजे तेव्हाचे अचलपूर) शहराची लोकसंख्या २६,०८२ होती आणि अमरावतीची ३४,२१६. २०११ मध्ये अचलपूर १,१२,३११ वर पोहोचले, अमरावती ६,४७,०५७ वर. १९०१ च्या आधीच मुंबई-नागपूर लोहमार्ग मूर्तिजापूर-बडनेऱ्यावरून निघून गेला होता आणि १९०५ साली एलिचपूर जिल्हा मोडून अमरावतीत विलीन झाला होता. यावरून निष्कर्ष असा की भूगोलानेच या गावाला बाजूला टाकले.

आकडे खरे आहेत. युक्तिवादही सुसंगत आहे. पण त्याचा सगळा डोलारा ‘भिंत’ या एका गृहीतावर उभा आहे, आणि ते गृहीतच खोटे आहे.

सातपुडा ही भिंत असती तर तिच्या पलीकडच्या गावांवर अलीकडचा राजा हुकूम कसा चालवणार? बैतूल जिल्ह्यात, मुलताईजवळ, तिवरखेड येथे सापडलेला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट पाहा. त्यावर शके ५५३ म्हणजे इसवी सन ६३१ ची मिती आहे, आणि तो दिला गेला तो अचलपुराहून. दान डोंगरापलीकडचे, दाता डोंगराअलीकडचा. दहाव्या शतकाच्या अखेरीस हरिषेण नावाचा जैन कवी मेवाडातल्या चित्तोडहून अचलपुरात येतो आणि येथेच ‘धम्मपरिक्खा’ हा अपभ्रंश ग्रंथ विक्रम संवत १०४४ मध्ये लिहून पुरा करतो. चित्तोडचा माणूस मुलखाच्या शेवटच्या गावी ग्रंथ लिहायला येतो काय? १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर गेला तो एलिचपूरवरूनच. या वाटेने उत्तरेकडून दख्खनेत उतरणाऱ्या फौजेला पहिले मोठे शहर लागे ते हे. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची राजधानी म्हणून एलिचपूरच नोंदवले आणि त्याच सुभ्यात खेरल्याचे सरकार धरले. खेरला म्हणजे आजच्या बैतूलजवळचा किल्ला. मुघल कारभाऱ्यांना जो डोंगर एका सुभ्याच्या पोटात घालता आला, तो आमच्या लेखकांना मुलखाची सीमा का वाटतो?

१८०३ चा डिसेंबर तर या वादाचा निकालच लावतो. २९ नोव्हेंबरला इंग्रज आणि मराठे यांच्यात अडगावची लढाई झाली. तिच्यातल्या जखमींसाठी इंग्रजांनी एलिचपुरात रुग्णालय उभारले आणि मग गाविलगडाला वेढा घातला. इंग्रज सेनापती वेलस्ली दक्षिणेकडे थांबला. त्याचा सहकारी स्टीव्हन्सन याने मात्र जड तोफा डोंगरातून ओढत उत्तरेच्या बाजूला नेल्या, कारण किल्ल्याची खरी कमकुवत बाजू ती होती. १५ डिसेंबरला किल्ला पडला. १७ ला भोसल्यांशी देवगावचा तह झाला, ३० ला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा. मराठ्यांच्या दोन बड्या सरदारांचे भवितव्य दोन आठवड्यांच्या आत या एवढ्याशा पट्ट्यात ठरले. टोकाच्या गावाभोवती असे घडत नाही. ते नाक्यावर घडते.

मग हद्द आली कुठून? ती आली १ नोव्हेंबर १९५६ ला. त्या दिवशी विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात आले आणि बैतूल मध्य प्रदेशात राहिला. त्याआधी अर्धशतकाहून अधिक काळ दोन्ही बाजू मध्य प्रांत-वऱ्हाडच्या एकाच कारभाराखाली होत्या. कागदावर रेघ पडली, पण लोकांनी ती पाळली नाही. मुक्तागिरी हे जैनांचे सिद्धक्षेत्र बैतूल जिल्ह्यात मोडते, तरी वऱ्हाडातला यात्रेकरू तिथे जातो तो परतवाड्यावरूनच. बहिरमची यात्रा बैतूलच्या रस्त्यावर भरते. रोडगे आणि हंडीतल्या मटणासाठी प्रसिद्ध असलेल्या या जत्रेला दोन्ही राज्यांची माणसे येतात. ज्याला आपण शाश्वत भूगोल समजतो तो एका राज्य पुनर्रचना कायद्याचा परिणाम आहे.

आता पाण्याकडे वळू, कारण माझ्या मते सर्वांत निर्णायक साक्ष पाण्याचीच आहे. ज्या पूर्णेच्या नावाने वऱ्हाडचे खोरे ओळखले जाते ती उगम पावते बैतूल जिल्ह्यात, भैंसदेहीजवळच्या सातपुड्यात. सापन, बिच्छन, चंद्रभागा, शहानूर याही त्याच डोंगरातून उतरतात. पायथ्याशी डोंगराने आणून टाकलेला दगडगोट्यांचा, वाळूचा पट्टा आहे. तिथे पाणी मुरते आणि त्याच भरवशावर अचलपूर-चांदूर बाजारचे संत्र्याचे बगीचे आंबिया आणि मृग बहार घेतात. तिथून दक्षिणेला, दर्यापूर-अकोटकडे उतरत गेले की चित्र पालटते. खोल गाळाची, निचरा न होणारी जमीन, कमी पाऊस, आणि विहिरीला खारे पाणी. हा खारपाणपट्टा. त्या भागातल्या गावांना पिण्याचे गोड पाणी नळाने पोचते ते शहानूर धरणाचे, म्हणजे सातपुड्याचे. ज्या डोंगराला आपण वऱ्हाडची सीमा म्हणतो तो वऱ्हाडचा पाणवठा आहे. त्याला नकाशाच्या कडेला ढकलून वऱ्हाडचा भूगोल सांगताच येत नाही. आणि ‘वऱ्हाड म्हणजे काळी माती आणि कापूस’ हे सूत्र तर पायथ्यापासून पूर्णेपर्यंत गाडीने गेलेल्या कोणालाही तासाभरात सोडावे लागेल.

वस्तीविषयीचा आक्षेप अधिक नाजूक आहे, कारण त्यात माणसांच्या आपलेपणाचा प्रश्न आहे. पन्नी पठाण नबाबांची फौज येथे होती हे कोण नाकारते? पण वस्तीचा आरंभ तिच्यापासून धरणे म्हणजे हजाराहून अधिक वर्षे गिळून टाकणे. अचलपूरजवळच्या चम्मक गावी मिळालेला वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट पाचव्या शतकात हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद करतो. महानुभावांच्या ‘लीळाचरित्रा’त हे गाव अळजपूर या नावाने येते, आणि तो ग्रंथ ज्या रिद्धपुरात सिद्ध झाला ते याच अमरावती जिल्ह्यात आहे. पठाण येण्याआधी येथे वैदिक, जैन आणि महानुभाव नांदत होते. ज्या इमादशाहीने १४९० च्या सुमारास एलिचपुरातून स्वतंत्र राज्य सुरू केले, तिचा संस्थापक फतेहउल्ला हा इतिहासकार फिरिश्त्याच्या सांगण्यानुसार मूळचा विजयनगरकडचा, बालपणी पकडून आणलेला कानडी हिंदू मुलगा. अशा गावात ‘मूळचा कोण, आलेला कोण’ ही वाटणी कुठल्या वर्षापासून करायची? बिच्छनच्या काठच्या दुल्हा रहमान दर्ग्यात नवस करणाऱ्यांना तो प्रश्न पडत नाही. रस्त्यावरच्या गावात माणसे येतात आणि राहतात. सत्तेने त्यांतली काही आणली. वाटेने त्याहून जास्त आणली.

कोरकूंना ‘निराळे जग’ म्हणणे तर मला सर्वांत जास्त खटकते. त्यांची भाषा मुंडा कुळातली, आणि त्या कुळाचे पश्चिमेकडचे शेवटचे टोक म्हणजे कोरकू. या अर्थाने ती निराळी खरीच. २०११ मध्ये देशभरात ती बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास होते. पण भाषा निराळी म्हणून जगणे तुटलेले होते काय? सुगीला चिखलदरा-धारणीची माणसे सपाटीवर हरभरा-सोयाबीन काढायला उतरतात, होळीला फगवा मागत घरी परततात, आणि परतवाड्याचा आठवडी बाजार त्यांच्याशिवाय भरत नाही. मेळघाटच्या सागवानाने परतवाड्याची लाकडाची बाजारपेठ उभी केली. सपाटीच्या शेतीला डोंगरातला मजूर हवा, मजुरी देताना मात्र तो परका? हा भूगोलाचा निष्कर्ष म्हणता येत नाही. ही सोय आहे.

राहिले आकडे. १९०१ ची गणना कोणत्या वर्षांनंतरची आहे ते आधी पाहावे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ लागोपाठ पडले होते. सबंध वऱ्हाडची लोकसंख्या १८९१ च्या २८,९७,४९१ वरून १९०१ मध्ये २७,५४,०१६ वर आली होती. त्या वर्षाचा आकडा दाखवून एकट्या एलिचपूरची घसरण सिद्ध होत नाही. शिवाय परतवाड्याची छावणी तेव्हा वेगळी मोजली जाई; आज दोन्ही एकाच नगरपालिकेत आहेत.

अमरावती पुढे गेली हे मात्र निःसंशय मान्य. पण १९०१ मध्ये दोन शहरांत फरक होता सुमारे आठ हजारांचा. त्या वेळी भूगोल आजचाच होता. डोंगर तिथेच होता, नद्या त्याच होत्या. फरक वाढला तो पुढच्या शतकात: जिल्ह्याचे ठाणे एकीकडे गेले, रुंदमापी रेल्वे त्याआधीच एकीकडे गेली होती, आणि अचलपूरच्या वाट्याला आली मूर्तिजापूरहून येणारी अरुंदमापी ‘शकुंतला’. वाफेच्या इंजिनावर ती १९९४ पर्यंत धावली, आणि तिच्या रुंदीकरणाची मागणी अनेक वर्षे मागणीच राहिली. ज्याला निसर्गाचा न्याय म्हटले जाते तो मुंबई, नागपूर आणि दिल्लीत घेतलेल्या निर्णयांचा हिशेब आहे. निर्णय माणसांनी घेतले. ते माणसांना बदलता येतात.

अचलपूर जिल्ह्याची मागणी अनेक वर्षे होत आहे. तिच्या बाजूने बोलणारेही ‘दुर्गम टोकाच्या भागाला न्याय द्या’ अशीच भाषा वापरतात. माझी त्यांना विनंती आहे की ती भाषा सोडून द्यावी. २,६०५ चौरस मैलांचा आणि १९०१ मध्ये २,९७,४०३ लोकवस्तीचा एलिचपूर जिल्हा या नकाशावर होता. त्यात मेळघाट होता आणि पायथ्याची सपाटीही होती. तो मोडण्याचा निर्णय १९०५ चा आहे, आणि त्याचा फेरविचार मागायला दयेची याचना लागत नाही.