मोडलेले आणि निखळलेले

आबिड्सचा गजबजलेला चौक मागे टाकून कोठीच्या दिशेने गेले म्हणजे जुन्या रेसिडेन्सीची स्तंभांनी सजलेली इमारत लागते. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून या चौकाला नाव पडले. त्याच निजामाच्या कारकिर्दीत, १८८८ आणि १८८९ साली, रेसिडेन्सीचे शल्यवैद्य एडवर्ड लॉरी यांच्या पुढाकाराने क्लोरोफॉर्मची परीक्षा करणारी दोन मंडळे बसली. शेकडो प्राण्यांवरील प्रयोगांअंती निर्णय झाला की, श्वासावर नजर ठेवावी. हृदयाला थेट धोका नाही. पुढे १९११ साली गुडमन लेव्ही यांनी क्लोरोफॉर्मने हृदयही एकाएकी थांबू शकते, हे दाखवून दिले. श्वासाविषयीची दक्षता अनाठायी नव्हती. परंतु नजर एकाच जागी खिळली होती.

हाताच्या दुखापतीतही हाच धोका असतो. सुश्रुतसंहितेने भग्नांचे दोन वर्ग केले: सहा प्रकारचे संधिमुक्त आणि बारा प्रकारचे कांडभग्न. कोपर ते मनगट या भागात मात्र दोन्ही आपत्ती कित्येकदा एकदमच कोसळतात. तेथील दोन हाडे दोन्ही टोकांशी एकमेकांना जखडलेली आहेत. एक मोडून आखूड झाले, तर दुसरे मोडते तरी किंवा सांध्यातून सरकते तरी. मोडलेले हाड आक्रोश करते. निखळलेला सांधा मात्र बहुधा मुका राहतो.

मिलानचे शल्यवैद्य मोंतेज्जा यांना तो मुका सांधा एका मुलीच्या हातात भेटला. करंगळीकडील हाडाचा वरचा भाग मोडला, असे समजून त्यांनी पट्ट्या बांधल्या. महिन्याने पट्ट्या सोडून हात सरळ केला, तो अंगठ्याकडील हाडाचे डोके कोपराशी उसळून बाहेर आले. आपली चूक त्यांनी १८१४ साली खेदपूर्वक ग्रंथात नोंदविली. क्ष-किरणांचा शोध लागावयास तेव्हा एक्क्याऐंशी वर्षे होती! मिलानच्याच गालेआत्सी यांनी १९३४ साली उलट प्रकार वर्णिला: अंगठ्याकडील हाड खाली मोडते आणि मनगटाचा सांधा निखळतो. १९५१ साली इंग्लंडच्या एसेक्स-लोप्रेस्ती यांनी कोपराशी मोडून मनगटाशी निखळणारा तिसरा प्रकार मांडला.

म्हणून एक हाड मोडलेले दिसताच क्ष-किरण चित्रात कोपर आणि मनगट दोन्ही आले पाहिजेत. अंगठ्याकडील हाडाच्या वरच्या टोकातून ओढलेली रेषा कोणत्याही बाजूने दंडाच्या हाडाच्या खालील गोल उंचवट्यावरच गेली पाहिजे. न गेल्यास सांधा निखळला असे समजावे. लहान मुलांत हाड जागी बसवून प्लास्टर घालणे पुष्कळदा पुरते. प्रौढांत बहुधा शस्त्रक्रियेने पट्टी बसवून हाडाची मूळ लांबी साधावी लागते. ती साधली की सांधा बहुधा आपोआप जागी येतो. दिरंगाई झाल्यास हात फिरेनासा होतो. तीर्थ घेण्यासाठी तळहात वर करणे ही केवढीशी गोष्ट, पण तीही दुर्लभ होते.

१९६८ साली पुण्यातील एका अस्थिभंगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, रुग्ण स्वीकारावा की नाही हे ठरविताना, उपचार निवडताना आणि तो करताना वैद्याने वाजवी काळजी घेतलीच पाहिजे. योग्य उपचाराची निवड निदानावाचून व्हावयाची कशी? एका आरोपीने कबुली दिली म्हणून चतुर अधिकारी तपास आटोपता घेत नाही. साथीदार कोठे आहे, हे तो विचारतो. मोडलेले हाड हीदेखील अशीच एक कबुली होय.