शेर यांचे 'बिलीव्ह' : एका आवाजाचा आणि एका नकाराचा इतिहास

१/ मार्च १९९९. अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' या साप्ताहिक क्रमवारीत ५२ वर्षांच्या एका गायिकेचे नृत्यगीत पहिल्या स्थानी पोहोचले आणि चार आठवडे तिथेच राहिले. गायिका होत्या शेर आणि गीत होते 'बिलीव्ह'. प्रेमभंगानंतर स्वतःला सावरणाऱ्या स्त्रीचे हे मनोगत आहे. आजचा धागा या गीताच्या इतिहासावर.

२/ 'ऑटो-ट्यून जगभर नेणारे गाणे' अशी आज त्याची ओळख आहे. ही ओळख खरी असली तरी अपुरी आहे. 'यंत्र आले आणि संगीत बदलले' एवढेच सांगितले, की ते यंत्र कोणी, कसे आणि कोणाचा विरोध मोडून वापरले हा प्रश्न मागे पडतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटायला हवा.

३/ आधी पूर्वपीठिका. शेर यांचा जन्म १९४६ चा, कॅलिफोर्नियातला. १९६५ मध्ये सनी बोनो यांच्यासह गायलेल्या 'आय गॉट यू बेब'ने अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिला क्रमांक मिळवला. पुढे १९७१ ते १९७४ या काळात शेर यांची एकल गीते तीनदा अमेरिकेत अव्वल ठरली. त्यांतले शेवटचे 'डार्क लेडी', मार्च १९७४ मधले. त्यानंतर त्या स्थानी परतायला जवळजवळ बरोबर २५ वर्षे लागली.

४/ १९७४ मध्येच सनी आणि शेर यांचा संसार मोडला आणि प्रकरण न्यायालयात गेले. सनी यांनी आपले उत्पन्न रोखून धरले आणि आपल्याला इच्छेविरुद्ध दास्यात ठेवले, असा आरोप शेर यांनी केला. घटस्फोट १९७५ मध्ये झाला. आपल्या गाण्यावर आणि त्यातून येणाऱ्या पैशावर हक्क कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या आयुष्यात असा फार आधीच उभा राहिला होता. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

५/ आता गीतप्रकाराकडे वळू. विरह म्हटला की आपल्याला संथ लय आठवते. मराठीतली विरहिणी असो वा हिंदी चित्रपटातले दर्दभरे गाणे, दुःखाला ठाय लय शोभते हा आपला संस्कार आहे. 'बिलीव्ह'ची लय मात्र मिनिटाला सुमारे १३३ ठोक्यांची आहे. शब्द दुःखाचे आणि ठेका नाचाचा, हा मेळ आला कुठून?

६/ त्याचे मूळ १९७० च्या दशकातल्या डिस्कोमध्ये आहे. न्यूयॉर्कच्या ज्या क्लबांमध्ये डिस्को वाढला, तिथली गर्दी मुख्यतः कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि समलिंगी तरुणांची होती. बाहेर अवहेलना सोसणाऱ्यांना तिथे मोकळेपणाने वावरता येई. अशा ठिकाणी दुःख एकट्याने कवटाळून बसायचे नसते. प्रत्येक मात्रेवर पडणाऱ्या ड्रमच्या ठोक्याबरोबर ते चारचौघांत नाचून झटकायचे असते.

७/ या परंपरेतले सर्वांत प्रसिद्ध गीत म्हणजे ग्लोरिया गेनर यांचे 'आय विल सर्व्हाइव्ह'. १९७८ मध्ये ते तबकडीच्या दुय्यम बाजूवर आले होते. क्लबांतल्या निवेदकांनी आणि नाचणाऱ्यांनी ते उचलून धरले आणि मार्च १९७९ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याच वर्षी शेर यांनीही 'टेक मी होम' हे डिस्को गीत गाऊन पहिल्या दहांत स्थान मिळवले. म्हणजे १९९८ मध्ये त्या या प्रांतात नवख्या नव्हत्या.

८/ डिस्कोविरुद्धची प्रतिक्रियाही तितकीच तीव्र होती. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवण्यात आला. प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना होऊच शकला नाही. हा निव्वळ अभिरुचीचा वाद होता, की त्यात वर्ण आणि लैंगिकतेविषयीचा द्वेषही मिसळला होता, यावर अभ्यासक आजही लिहीत आहेत.

९/ ग्रॅमी पुरस्कारांची नोंदही बोलकी आहे. सर्वोत्कृष्ट डिस्को ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार १९८० मध्ये एकदाच दिला गेला, तो 'आय विल सर्व्हाइव्ह'ला. त्यानंतर तो गटच बंद झाला. नृत्यसंगीताला ग्रॅमीत पुन्हा स्वतंत्र गट मिळाला तो थेट १९९८ मध्ये. मधल्या काळात हे संगीत थांबले नव्हते. क्लबांत 'हाउस' आणि युरोपात 'युरोडान्स' अशा नव्या रूपांत ते वाढत राहिले.

१०/ या मधल्या काळात शेर अभिनेत्री म्हणून नावाजल्या. 'मूनस्ट्रक'साठी त्यांना १९८८ मध्ये ऑस्कर मिळाले. नव्वदीत मात्र उतरण लागली. १९९५ चा 'इट्स अ मॅन्स वर्ल्ड' हा अल्बम अमेरिकेत फारसा चालला नाही. पुढचा अल्बम नृत्यसंगीताचा असावा, ही कल्पना वॉर्नर म्युझिकच्या ब्रिटिश शाखेचे प्रमुख रॉब डिकिन्स यांची. शेर सुरुवातीला फारशा उत्सुक नव्हत्या.

११/ 'बिलीव्ह'चा गाभा ब्रायन हिगिन्स या तरुण ब्रिटिश गीतकाराने अनेक वर्षे आधी रचून ठेवला होता. त्याने दिलेल्या ध्वनिफितीतल्या बऱ्याच गाण्यांमधून डिकिन्स यांनी हे निवडले. धृवपद त्यांना पसंत पडले, कडवी पडली नाहीत. मग ती एकामागून एक वेगवेगळ्या हातांत गेली. अखेर गीतकार म्हणून सहा नावे लागली : हिगिन्स, स्टुअर्ट मॅक्लेनन, पॉल बॅरी, स्टीव्हन टॉर्च, मॅथ्यू ग्रे आणि टिमोथी पॉवेल.

१२/ या यादीत शेर यांचे नाव नाही. पण दुसरे कडवे आपल्याला रडवे वाटले आणि म्हणून आपण ते बदलले, असे त्यांनी १९९९ मध्येच मुलाखतीत सांगितले होते. त्यांचा मुद्दा साधा होता. एका कडव्यात खचून जाणे समजू शकते, दोन्ही कडव्यांत नाही. आज गीत ऐकताना पहिल्या कडव्यातला विषाद दुसऱ्यात स्वाभिमानाकडे वळतो, आणि त्या वळणावरच सारे गीत उभे आहे. अधिकृत श्रेयनामावली आणि प्रत्यक्ष निर्मिती यांतले हे अंतर आपल्याला इतर इतिहासातही वारंवार भेटते.

१३/ इथे एक सावधगिरी. ५ जानेवारी १९९८ रोजी स्कीइंग करताना झालेल्या अपघातात सनी बोनो यांचा मृत्यू झाला. तेव्हा ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्य होते. अंत्यसंस्काराच्या वेळी शेर यांनी साश्रू नयनांनी भाषण केले, आणि त्याच वर्षी 'बिलीव्ह' आले. त्यामुळे हे गीत सनी यांच्यासाठीच आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कालक्रम आडवा येतो, कारण धृवपद त्याच्या कितीतरी आधी रचले गेले होते. गाताना त्यांच्या मनात काय होते हा वेगळा विषय. दोन घटना लागोपाठ घडल्या म्हणून त्यांत कार्यकारणभाव असतोच असे नाही.

१४/ आता त्या यंत्राकडे. अँडी हिल्डेब्रँड हे विद्युत अभियांत्रिकीचे डॉक्टरेटधारक. त्यांनी एक्सॉन कंपनीत, पुढे लँडमार्क ग्राफिक्स या स्वतः सहसंस्थापक असलेल्या कंपनीत भूकंपीय माहितीवर काम केले. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या, त्यांच्या परावर्तनाचे गणित मांडायचे आणि खाली तेल कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा, असे ते शास्त्र. ते स्वतः बासरीवादकही होते आणि तेल उद्योग सोडल्यावर संगीतरचना शिकले.

१५/ लहरींच्या त्याच गणिती जाणकारीतून त्यांनी गायकाच्या स्वराची कंप्रता तत्काळ ओळखून तो जवळच्या नेमक्या स्वरावर आणणारी आज्ञावली लिहिली. १९९७ मध्ये ती 'ऑटो-ट्यून' या नावाने बाजारात आली. हेतू एकच होता. बेसूर झालेला स्वर दुरुस्त व्हावा आणि ते कोणाच्या लक्षातही येऊ नये.

१६/ या आज्ञावलीत दुरुस्तीचा वेग ठरवण्याची सोय होती. वेग कमी ठेवला की स्वर हळूच जागेवर येतो आणि गाणे नैसर्गिक वाटते. शून्य मिलिसेकंद ठेवले की स्वर क्षणात उडी मारून जागेवर बसतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला आपण मींड म्हणतो. शून्यावर ती मींडच नाहीशी होते आणि जिन्याच्या पायऱ्या चढाव्यात तसा आवाज तुटक होतो. ही शून्याची सोय कोणी वापरील असे हिल्डेब्रँड यांना वाटले नव्हते.

१७/ ती वापरली गेली १९९८ मध्ये, लंडनच्या नैर्ऋत्येला किंग्स्टन इथल्या ध्वनिमुद्रणगृहात. निर्माते होते मार्क टेलर आणि ब्रायन रॉलिंग. रोचफर्ड या ब्रिटिश गायकाच्या ध्वनिमुद्रणात टेलिफोनवरून यावा तसा आवाज होता आणि तसे काही करावे अशी चर्चा झाली होती. टेलर यांनी प्रयोग करून पाहिला, पण इतका ओळखीचा आवाज आपण मोडला आहे, हे शेर यांना ऐकवायचे कसे, याचा त्यांना संकोच वाटला. ऐकवल्यावर शेर हरखून गेल्या.

१८/ डिकिन्स यांना मात्र तो परिणाम नको होता. त्यांनी तो काढायला सांगितला. मी जिवंत असेपर्यंत ते होणार नाही, अशा आशयाचे उत्तर शेर यांनी दिले. चौथ्या क्रमांकाचा तपशील इथे आठवा. १९७४ मध्ये स्वतःच्या कमाईवरचा हक्क सांगण्यासाठी ज्यांना न्यायालयात जावे लागले, त्यांनी १९९८ मध्ये कंपनीच्या प्रमुखाला नाही म्हटले. तो नकार नसता, तर हे यंत्र आणखी काही काळ तरी पडद्याआडच राहिले असते.

१९/ मग साधनांचा प्रश्न येतो. फेब्रुवारी १९९९ च्या 'साउंड ऑन साउंड' या व्यावसायिक मासिकात टेलर यांनी हा आवाज 'डिजिटेक टॉकर' नावाच्या व्होकोडर उपकरणातून आल्याचे सांगितले. साक्षीदार प्रत्यक्ष निर्माता, नोंद समकालीन, मासिक विश्वासार्ह, आणि तरीही माहिती खोटी. ती युक्ती धंद्याचे गुपित होते. पुढे सत्य बाहेर आले आणि खुद्द मासिकाने जुन्या लेखाला तशी टीप जोडली.

२०/ साधनचिकित्सेचा यापेक्षा नेटका धडा शोधून सापडणार नाही. प्रथम श्रेणीचे साधन म्हणजे सत्य नव्हे. माहिती देणाऱ्याचा हितसंबंध काय, हे बखरीला विचारतो तसेच मुलाखतीलाही विचारावे लागते. या प्रकरणात ध्वनिमुद्रण हेसुद्धा एक साधन होते. जाणकार कानांनी ते तपासले आणि छापील शब्दांवर शंका घेतली.

२१/ एक गैरसमजही दूर करू. शेर यांचा आवाज थकला होता म्हणून यंत्राची मदत घेतली, असे कधीकधी ऐकू येते. गीत लक्षपूर्वक ऐका. यांत्रिक कंप ठरावीक जागीच येतो. उरलेल्या मोठ्या भागात, विशेषतः धृवपदात, त्यांचा भरदार आणि खर्जाकडे झुकणारा आवाज स्पष्ट ऐकू येतो. दोष झाकायचे असते तर तो परिणाम इतका उघडा ठेवलाच नसता.

२२/ ऑक्टोबर १९९८ मध्ये गीत प्रकाशित झाले. ब्रिटनमध्ये ते सात आठवडे अव्वल राहिले आणि त्या वर्षीचे तिथले सर्वाधिक खपाचे एकल गीत ठरले. अमेरिकेत बिलबोर्डच्या १९९९ च्या वार्षिक यादीत ते पहिले होते. फेब्रुवारी २००० मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट नृत्यगीताचे ग्रॅमी मिळाले. डिस्कोचा एकमेव पुरस्कार गेनर यांना मिळून तेव्हा बरोबर वीस वर्षे झाली होती.

२३/ हॉट १०० मध्ये अव्वल ठरलेली सर्वांत वयस्क गायिका हा विक्रम तेव्हा शेर यांच्या नावावर झाला. २०२३ च्या डिसेंबरमध्ये ७८ वर्षांच्या ब्रेंडा ली यांनी त्या वयाला कितीतरी मागे टाकले, पण १९५८ च्या, म्हणजे वयाच्या तेराव्या वर्षी गायलेल्या नाताळगीताने. ब्रेंडा ली यांचे कौतुक आहेच. मात्र एवढ्या वयाच्या स्त्रीचा ताजा आवाज लोकप्रिय संगीताच्या शिखरावर किती क्वचित पोहोचतो, हेही त्यातून कळते.

२४/ पुढचा प्रवास तुम्हाला परिचित असेल. या परिणामाला 'शेर इफेक्ट' असे नावच पडले. २००५ पासून टी-पेनने त्यालाच आपली ओळख बनवले. २००८ मध्ये कान्ये वेस्टने '८०८स अँड हार्टब्रेक' हा प्रेमभंगाचाच अल्बम याच आवाजात गायला. २००९ मध्ये जे-झीने ऑटो-ट्यूनच्या मृत्यूची घोषणा करणारे गीत काढले. तो मृत्यू काही आला नाही. आज आपल्याकडच्या गाण्यांतही तो कंप सहज ऐकू येतो.

२५/ समारोप. हिल्डेब्रँड यांनी साधन दिले, टेलर यांनी प्रयोग केला, हिगिन्सपासून पॉवेलपर्यंत सहा जणांनी गीत घडवले. इतिहास कोणा एकाचा नसतो, हे यातून दिसतेच. तरीही चूक लपवण्यासाठी बनवलेले यंत्र सर्वांना ऐकू येईल असे वापरायचे आणि आवाजातली ती मोडतोड जपायची, यावर ठाम राहणारी व्यक्ती शेर होत्या. प्रेमभंगातून सावरणे म्हणजे काही घडलेच नाही असे भासवणे नव्हे. गीताचे शब्द जे सांगतात, तेच त्यातला तुटलेला आवाजही सांगतो.

२६/ तेव्हा एखाद्या तंत्रज्ञानाने इतिहास बदलला असे कोणी सांगितले, तर 'तो कोणी बदलू दिला आणि कोणी बदलायला लावला?' एवढे जरूर विचारा. धागा आवडला तर इतिहासप्रेमी मित्रांपर्यंत पोहोचवा. प्रेमभंगातून उभारी देणारे कोणते मराठी गीत तुम्हाला आठवते, तेही सांगा. आपल्याकडे अशा गीतांचा इतिहास लिहिला जायला हवा.