मोडलेले हाड आणि त्याचे बंधन

गाडीवरून माणूस पडतो, चिंचेवरून पोर पडते. हाड मोडते, दवाखान्यात प्लॅस्टर चढते, आणि घरच्यांना वाटते, झालं, आता काळजी मिटली! पण खरी राखण तिथूनच सुरू होते. ती का करायची, हे या बंधनाचा इतिहासच आपल्याला सांगतो.

सुश्रुताने मोडलेल्या हाडाला बांबूच्या कामट्या आणि वड, पिंपळ, उंबर, पळस यांच्या साली बांधायला सांगितल्या आहेत. बंध सैल राहिला तर जोड हलतो, फार आवळला तर सूज येते, ठणका लागतो आणि आत पिकते, असेही तो बजावतो. म्हणून थंडीत सात दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी बंध सोडून पुन्हा बांधावा, असा त्याचा नियम आहे.

युरोपात पुढे खळीच्या पट्ट्या आल्या, पण त्या वाळायला दोन-तीन दिवस लागत. १८५१ साली हॉलंडमधील हार्लेम येथे आंतोनियुस मथायसन या लष्करी शल्यवैद्याने सुती पट्टीत प्लॅस्टर ऑफ पॅरिसची पूड चोळली. ही पट्टी भिजवून गुंडाळली की काही मिनिटांत घट्ट होई. ही पूड म्हणजे भाजलेले जिप्सम. भाजताना गेलेले पाणी परत मिळाले की ते पुन्हा दगडासारखे होते आणि होताना तापते. गुरुजींनी वाटीत थोडी पूड कालवून मुलांना हे जरूर दाखवावे. मात्र त्यात कुणाला बोट बुडवू देऊ नये, भाजते. क्रिमियाच्या युद्धात पिरोगोव या रशियन शल्यवैद्याने अशाच प्लॅस्टरने अनेक जखमी सैनिकांचे हातपाय कापण्यापासून वाचवले.

पण दगड सुजेला जागा देत नाही. जर्मनीच्या फोल्कमान यांनी १८८१ साली दाखवून दिले, की आवळलेल्या बंधाने रक्त अडते, स्नायू मरतात आणि बोटे कायमची आखडतात. सुश्रुताची पट्टी तिसऱ्या-सातव्या दिवशी सुटत असे. प्लॅस्टर मात्र आठवडेच्या आठवडे राहते. म्हणून आता नजर आपणच ठेवायची.

पहिले दोन-तीन दिवस हात किंवा पाय उशीवर, छातीपेक्षा उंच ठेवा. बोटे सारखी हलवत राहा. ओले प्लॅस्टर दाबू नका, चुलीजवळ शेकू नका आणि पुढेही पाण्यापासून जपा. खाज सुटली तरी काडी किंवा सुई आत घालू नका.

आणि एवढे तर विसरूच नका. बोटे निळी, पांढरी किंवा गार पडली, बधिर झाली, मुंग्या आल्या, बोट सरळ करताना जीवघेणी कळ आली किंवा ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट पाहू नका. रात्र असली तरी दवाखाना गाठा. प्लॅस्टर कापून सैल करता येते, पण मेलेला स्नायू परत येत नाही.

हे आज घरात सर्वांना सांगून ठेवा.