दुसरी लेन्स

कॅननचा 1000डी किंवा निकॉनचा डी3100 घरात आला की नव्या मालकाचा धीर साधारण पहिल्या गणपतीपर्यंत टिकायचा. आरतीच्या वेळी दिवे मंद, समईचा उजेड, टाळ्या वाजवणारे हात, आणि कॅमेऱ्याबरोबर मिळालेल्या 18-55च्या किट लेन्सवर काढलेला जवळजवळ प्रत्येक फोटो हललेला. मग विषय निघायचा दुसऱ्या लेन्सचा. 2008 ते 2014च्या दरम्यान डीएसएलआर पगारदारांच्या आवाक्यात आला, तेव्हा बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत कितीतरी घरांत ही चर्चा झडली. फिफ्टी, म्हणजे 50 मिलिमीटरची लेन्स घ्यायची, की दूरचं जवळ दाखवणारी टेली? ऑफिसातला जो कोणी या वाटेने आधी गेलेला असे, त्याचा शब्द अखेरचा.

मुंबईत हा प्रश्न दीडशे वर्षांहून जुना आहे. त्याच्या इतिहासात एक गंमतही दडलेली आहे. जी लेन्स एकेकाळी कॅमेऱ्यासोबत न मागता यायची, तीच पुढे वेगळे पैसे मोजून आणायची लेन्स झाली.

फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था 1854 साली स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद. हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे भारतीय व्यावसायिकही त्याच सुमारास शहरात पुढे आले. काचेवर रसायनाचा ओला लेप चढवायचा आणि तो वाळायच्या आत फोटो उरकायचा, असा तो जमाना. पण पेटीत दोन लेन्स ठेवण्याची सोय तेव्हाही होती. माणसांसाठी व्हिएन्नाच्या जोसेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने 1840 साली आखलेली पितळी पोर्ट्रेट लेन्स असे. ती एफ/3.6 इतकी उघडायची, त्यामुळे समोरच्याला फार वेळ श्वास रोखून बसावं लागत नसे. मधला चेहरा लख्ख आणि कडा मऊ, हा तिचा स्वभाव. इमारत किंवा लेणं टिपायचं तर हा स्वभाव चालणारा नव्हता. तिथे मंद, पण चौकटभर बऱ्यापैकी स्पष्ट दाखवणारी लँडस्केप लेन्स लागे. माणूस की मुलूख, एवढ्या एका प्रश्नावर निवड व्हायची.

पुढे मुंबई उत्तरेला सरकली, रेल्वे स्टेशनांभोवती उपनगरं उभी राहिली, आणि गंमत म्हणजे लेन्स निवडण्याचा प्रश्नच काही काळ मिटला. स्टेशनजवळच्या स्टुडिओत असायचा यासिकामॅट किंवा रोलायफ्लेक्स. वरून वाकून बघायचं, 120च्या रोलवर बारा फोटो काढायचे. दर्शनी बाजूला दोन लेन्स दिसत, पण एक बघायची आणि एक फोटोची. दोन्ही पक्क्या बसवलेल्या. घरगुती वापराला बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आगफा क्लिक थ्री होता. तोही बारा फोटोंचा, आणि त्याचीही लेन्स जन्माची चिकटलेली. सहलीला गेलेल्या कुटुंबाचा फोटो नीट आला नाही तर दोष काढणाऱ्याचा, लेन्सचा कधीच नाही.

लेन्स बदलता येणारे 35 मिलिमीटरचे एसएलआर तोवर जगात रुळले होते. निकॉन एफ 1959 साली आला. पण 1957च्या परकीय चलन टंचाईनंतर आपल्याकडे आयातीवर कडक निर्बंध होते, त्यामुळे जपानी कॅमेरा म्हणजे आखातातल्या मामाने आणलेला, नाहीतर क्रॉफर्ड मार्केटजवळच्या मुसाफिरखान्यातून, फार चौकशी न करता घेतलेला. त्या मानाने सोव्हिएत झेनिट आणि पूर्व जर्मनीची प्राक्टिका गाठणं सोपं. दोन्हींना 42 मिलिमीटर व्यासाचा आट्यांचा माउंट असल्यामुळे एकाची लेन्स दुसऱ्यावर फिरवून बसवता यायची. या मेळामुळे जुन्या बाजारातल्या लेन्सलाही गिऱ्हाईक मिळत राहिलं.

या सगळ्या एसएलआरवर पहिली लेन्स ठरलेली: पन्नास किंवा तिच्या आसपासची. झेनिटवर 58ची हेलिओस, पेंटॅक्स के1000वर 50ची पेंटॅक्स. त्यामागे कारखानदारीचं साधं गणित होतं. एसएलआरमध्ये लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये आरसा हलायला जागा सोडावी लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये हे अंतर 46.5 मिलिमीटर आहे. 50ची लेन्स या अंतरात फारशी कसरत न करता बसते. तिची मूळ आखणी झाइसच्या पॉल रुडॉल्फने 1896 साली प्लानार या नावाने केली होती. सहा काचांत काम भागायचं, उजेड भरपूर मिळायचा, आणि खर्च कमी. 28 किंवा 35 मिलिमीटरची रुंद लेन्स करायची तर मात्र उलटी, लांबलचक मांडणी लागे. फ्रान्सच्या आंजेन्यूने 1950 साली ती स्थिरचित्रांच्या कॅमेऱ्यासाठी बाजारात आणली. म्हणून पन्नास कॅमेऱ्यासोबत, आणि दुसरी लेन्स म्हणजे 28 किंवा 135. समारंभ टिपणारा 28 घ्यायचा, चेहऱ्यांचा शौकीन 135. झूमकडे जाणकार नाक मुरडत.

खरेदीसाठी 'टाउन'ला जावं लागे. मुलुंड-घाटकोपरची मंडळी व्हीटीला उतरायची, अंधेरी-बोरिवलीची चर्चगेटला, आणि गाठ पडायची दादाभाई नौरोजी रोडवरच्या दुकानांत. काउंटरवर दोन भाव सांगण्याची रीत तिथे डिजिटलच्या काळातही दिसायची: बिलासकट एक, बिलाविना दुसरा. बिलाविना म्हणजे कंपनीची भारतातली वॉरंटी नाही. जी असेल ती दुकानदाराच्या शब्दाची. नवशिक्या या फरकावर घुटमळायचा. जुनं-पानं घेणारा थेट चोर बाजारात शिरायचा.

तिथे टॉर्च लागायची. मुंबईच्या पावसाळ्यातली दमट हवा लेन्सची वैरीण. कपाटात, चामड्याच्या केसमध्ये ठेवलेल्या लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. वरवर बघून ती दिसत नाही. लेन्स पूर्ण उघडायची, मागून टॉर्च मारायची आणि पुढून तिरकं बघायचं. कडेपासून आत येणारे बारीक पांढरे तंतू दिसले की लेन्स खाली ठेवायची. थोडी बुरशी फोटोत उमटत नाही, पण उजेडाकडे तोंड करून फोटो काढला की धुरकटपणा येतो. ज्यांना ड्राय कॅबिनेट परवडत नसे ते घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घेत आणि त्यात सिलिका जेल टाकत. निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर भाजायचे, निळे झाले की परत डब्यात. बोरिवली-मुलुंडच्या डोंगरकडेच्या घरांत हा उद्योग जून ते सप्टेंबर चालायचाच.

कॅननने 1987 साली ईओएस मालिका आणली आणि माउंटच बदलला. आधीच्या एफडी लेन्स नव्या बॉडीवर बसेनात. निकॉनने मात्र 1959चा माउंट सोडला नाही. याचा परिणाम वीस वर्षांनी मुंबईच्या घराघरांत दिसला. ज्याच्या काकांकडे जुनी निक्कोर होती, त्याने निकॉनचा डीएसएलआर घेतला. डी40 किंवा डी3100वर ती लेन्स बसायची, पण उजेड मोजणारा मीटर बंद आणि फोकस हाताने. उजेडाचा अंदाज घेत, स्क्रीनवर फोटो बघून पुन्हा काढत ही पोरं शिकली. फिल्मच्या काळात अशा शिक्षणाचा प्रत्येक धडा रोल आणि धुलाईच्या पैशांत पडला असता.

पहिल्या आणि दुसऱ्या लेन्सची अदलाबदल व्हायला 2003 साल उजाडावं लागलं. कॅननचा 300डी अमेरिकेत हजार डॉलरच्या आत आला आणि त्याच्याबरोबर 18-55 ही हलकी, प्लॅस्टिकची झूम. फिल्मपेक्षा लहान सेन्सरमुळे सगळे आकडे 1.6 पटीने ताणले गेले होते. पन्नासची लेन्स ऐंशीसारखी वागू लागली. रुंद दृश्य मिळावं म्हणून कंपन्यांनी किट लेन्स 18पासून सुरू केली, आणि पन्नास बेघर झाली. ती परत आली ती दुसरी लेन्स म्हणून. कॅननची 1990 सालची 50 एफ/1.8 टू तर या धंद्यातली सगळ्यात स्वस्त पायरी ठरली: वजन 130 ग्रॅम, माउंटसुद्धा प्लॅस्टिकचा. आरतीचं दुखणं तिने मिटवलं. किट लेन्स 55ला एफ/5.6च्या पुढे उघडत नाही, एफ/1.8 त्याच्या नऊपटीहून अधिक उजेड आत घेते. जिथे शटर सेकंदाच्या दहाव्या भागापर्यंत रेंगाळायचा, तिथे जवळपास शंभराव्या भागात काम होऊ लागलं.

पण घर मुंबईतलं होतं. दहा फुटांवरून 18वर साधारण बारा फूट रुंद दृश्य मावतं. कॅननवर पन्नास लावली की जेमतेम साडेचार फूट. दहा बाय बाराच्या खोलीत पाठ भिंतीला टेकवली तरी आजी, सून आणि मखरातला गणपती एका चौकटीत येईनात. चेहरे सुंदर यायचे, कुटुंब यायचं नाही. निकॉनने 2009 साली लहान सेन्सरसाठी 35 एफ/1.8 काढली, तेव्हा तेच दृश्य पावणेसात फुटांपर्यंत पसरलं आणि निकॉनवाल्यांची खोलीपुरती अडचण सुटली.

त्यांची दुसरी अडचण मात्र पैशांत पडली. 2006च्या डी40पासून निकॉनने प्राथमिक कॅमेऱ्यांतली फोकसची मोटर काढून टाकली. त्यामुळे स्वस्त म्हणून आणलेली 50 एफ/1.8डी घरी येऊन बसवली की फोकस फिरतच नसे. मोटर स्वतःच्या पोटात असलेली एएफ-एस लेन्स लागायची, आणि एफ/1.8च्या स्वस्त पन्नासमध्ये ती 2011 साली आली. ज्याने डी घेतली होती, त्याला पावसाळ्यात वेगळाच लाभ झाला. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात किडे आणि फुलपाखरं टिपणाऱ्यांमध्ये रिव्हर्स रिंगची युक्ती चालायची. काही रुपयांची धातूची कडी घेऊन लेन्स उलटी बसवली की तीच मॅक्रो. डीवर छिद्र लहान-मोठं करायची कडी होती, म्हणून ती उलटी लावूनही ताब्यात राहायची. कॅननच्या लेन्सचं छिद्र विजेवर चालणारं. आधी हवा तो आकडा लावायचा, प्रीव्ह्यूचं बटन दाबून धरायचं आणि तशीच लेन्स काढायची, असा खटाटोप करावा लागे.

मध्य रेल्वेच्या बाजूला निवडीचं पारडं टेलीकडे झुकलं, त्याला कारण ठाण्याची खाडी. 1990च्या दशकापासून मुंबईच्या किनाऱ्याला फ्लेमिंगो मोठ्या संख्येने येऊ लागले. मुलुंड आणि घाटकोपरच्या मधलं भांडुप पंपिंग स्टेशन हे पक्षिनिरीक्षकांचं रविवार सकाळचं ठिकाण झालं. तिथे किट लेन्सने फक्त चिखल आणि आकाश येतं. म्हणून कॅननची 55-250, निकॉनची 55-200, नाहीतर टॅमरॉन-सिग्माची 70-300. पन्नास फुटांवर बसलेला छोटा खंड्या वीतभरही नसतो. कॅननवर 250 लावली तरी त्या अंतरावर साडेचार फुटांचं दृश्य येतं आणि खंड्या चौकटीचा आठवा भाग व्यापतो. फोटो कापून मोठा करायचा आणि पिसं मोजायला गेलं की निराश व्हायचं, हा सार्वत्रिक अनुभव. 2013च्या अखेरीस टॅमरॉनने 150-600 जाहीर केली आणि 2015मध्ये निकॉनची 200-500 आली. दोन किलोच्या आसपासची ही धूडं खांद्यावर घेऊन पहाटेच्या लोकलने येणारे त्यानंतर वाढले. ठाणे खाडीला फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला तोही 2015 सालीच.

बोरिवली-गोरेगावच्या जंगलाने मात्र टेलीचा मोह असणाऱ्यांना वेगळा धडा घालून दिला. नयन खानोलकर यांना 2016 साली लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर स्पर्धेत शहरी वन्यजीव विभागाचं पारितोषिक मिळालं. त्या फोटोत वस्तीच्या अरुंद बोळातून एक बिबट्या चालत येतो. कॅमेरा जागेवरच लावून ठेवलेला, समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघेल अशी योजना, आणि फ्लॅश बोळातल्या नेहमीच्या दिव्यांच्या उजेडाशी जुळवलेले. घरं, भिंती आणि जनावर एकत्र दिसायचं तर लेन्स रुंदच हवी होती.

अंधेरीत निवडीचं तिसरंच रूप तयार झालं. सिनेमा आणि मालिकांच्या वस्तीत पोर्टफोलिओ काढून देणारे अनेक, आणि त्यांच्यासाठी लेन्स दिवसाच्या भाड्याने देणारी दुकानंही. ओळखपत्र आणि अनामत ठेवून 85 किंवा 70-200 एका दिवसासाठी न्यायची, सकाळी परत करायची. हौशी माणसालाही त्याचा फायदा झाला. विकत घेण्याआधी एक रविवार वापरून बघता येऊ लागलं, आणि कित्येकांना कळलं की महागडी टेली आपण वर्षातून दोनदाच वापरणार आहोत.

2018 साली कॅनन आणि निकॉन दोघांनीही मिररलेससाठी नवे माउंट आणले: आरएफ आणि झेड. आरसा गेला, त्याबरोबर त्याच्यासाठी सोडलेली जागाही गेली. घरोघरचे डीएसएलआर विक्रीला निघाले आहेत, बहुतेक वेळा दोन लेन्ससकट. नव्याने शिकणारा आज तेच घेतो, कारण नव्या मिररलेसच्या नुसत्या बॉडीच्या पैशांत जुना कॅमेरा, फिफ्टी आणि टेली असा संच जमतो. निकॉनच्या जुन्या लेन्स झेड बॉडीवर लावायला एफटीझेड नावाचा अडॅप्टर मिळतो, पण त्यातही फोकसची मोटर नाही. त्यामुळे जुन्या बाजारात टॉर्च मारून बुरशी तपासणारा चाणाक्ष गिऱ्हाईक लेन्स फिरवून आधी एएफ-एस ही अक्षरं आहेत का ते बघतो, आणि मगच भाव विचारतो.